एकाने वाचायचं, दुसऱ्याने सांगायचं

गुरुजी, तुम्ही गेल्यापासून मला काहीच होत नव्हतं. लोकांना वाटतं, बाईनं मन घट्ट केलंय. घट्ट कसलं डोंबलाचं? आत काही हलतच नव्हतं, त्याला घट्ट म्हणायचं असेल तर म्हणोत बापडे. सकाळी उठायचे, शाळेचं कुलूप काढायचे, हजेरी घ्यायचे, चौथीला गणितं घालून पहिलीकडे वळायचे. दुपारी भाकरी खायचे. भाकरीला चव लागायची, झोप लागायची. परवा तुमच्या घरी तेरावं झालं, पंगतीला वाढायला मीच होते. बुंदी कमी पडतेय का बघत होते. कोणीतरी म्हणालं, बाई, तुमी बी बसा आता. बसले आणि जेवले.

काकू मात्र माझ्याकडे बघून म्हणाल्या, "तुमी रडल्या न्हाईत, बाई." रागाने नाही, नुसतंच. मी म्हटलं, येत नाही काकू. त्या म्हणाल्या, "मलाबी पैल्या दिवशी आलं न्हाई. येतंय मागून." तुमच्या बायकोला सगळं माहीत असतं, हे तुम्हीच सांगायचा.

तुमच्याशी बोलायचं राहिलंय म्हणून हे लिहायला बसले आहे. तुमचं कौतुक करायला नाही. ते पंचायतीच्या लोकांनी देवळासमोर केलं, हार घालून, आणि त्यातलं निम्मं खोटं होतं. म्हणे, गुरुजी कधी कुणाला कडू शब्द बोलले नाहीत. मी मागे उभी होते. मला किती बोललात ते मला विचारा म्हणावं.

मी सेलूहून आले तेव्हा या गावात एकट्या बाईला खोली द्यायला कोणी तयार नव्हतं. नवऱ्याने टाकलेली बाई, ती शाळेत काय शिकवणार, असं चावडीवर बोलणं झालं. तुम्ही तिथेच बसला होता. तुम्ही म्हणालात, "टाकली का सोडून आली, ते मला इचारायचं न्हाई. गावातल्या पोरी शाळेत याव्यात असं वाटत असंल तर बाई पायजे. वाटत नसंल तर तसं सांगा, मी वर कळवतो."  त्याच संध्याकाळी माझी पेटी तुमच्या घराच्या पुढच्या खोलीत गेली. पुढे मी माझं बिऱ्हाड वेगळं केलं, पण ती पहिली थंडी मी काकूंच्या गोधडीत काढली. याबद्दल मी तुमचे आभार कधी मानले नाहीत, कारण मी आले त्याच आठवड्यात आपलं पहिलं भांडण झालं.

भांडण पोथीवरून झालं. खरं म्हणजे पोथी शाळेत आणण्यावरून.

श्रावणात मारुतीच्या देवळात पोथी लागते. एक जण ओवी वाचतो, तो वाचक. दुसरा त्या ओवीचा अर्थ लोकांच्या बोलीत सांगतो, तो सूचक. गावात अक्षर येणारे थोडे आणि अर्थ सांगणारे बरेच, म्हणून हे ठीकच चालतं. तुम्ही हीच रीत वर्गात आणली होती. पोरांच्या जोड्या लावायच्या. एकाने धड्यातलं वाक्य वाचायचं, दुसऱ्याने त्याचा अर्थ सांगायचा. पोथी लागली की मध्येच वाचक-सूचक बदलत नसतात, तसं वाचनाचं पुस्तक संपेपर्यंत जोडी मोडायची नाही, असा तुमचा दंडक होता. पुस्तक सुरू करायच्या दिवशी नारळसुद्धा फुटायचा. मी डोक्याला हात लावला. मी म्हटलं, गुरुजी, ही शाळा आहे, पारायण नाही. तुम्ही म्हणालात, "पारायनाला मानसं झोप टाळून येतात, बाई. शाळंला यावं म्हनून आपल्याला दारोदार फिरावं लागतं. मंग रीत कुनाची चांगली?"

उत्तर होतं माझ्याकडे, पण तुम्ही खोबरं वाटायला निघून गेलात.

तुम्हाला ही रीत का सुचली, ते कळायला मला वर्ष लागलं. तुमची सगळी तालीम उर्दूतली. घरात मराठी, मदरशात, म्हणजे निजामाच्या सरकारी शाळेत, उर्दू, मास्तर झालात तेही उर्दूचे. तुम्ही उर्दू वाचताना मी ऐकलंय, ओट्यावर बसून जुनी मासिकं वाचायचा, घागरीतून पाणी ओतल्यासारखं. मग पोलीस ॲक्शन झाली, निजामाचं राज्य गेलं, आणि वरून हुकूम आला की आता सगळं मराठीतून. पोरांचं भलं झालं. पोरं घरी जे बोलतात तेच पुस्तकात आलं. मास्तरांचं काय होणार, हे मात्र कोणी विचारलं नाही. तुम्ही पन्नाशीला आलेले. तुम्हाला मराठी अक्षर येत होतं, पण एकेक शब्द धरून, बोटाखाली, नांगराला नवा बैल जुंपल्यासारखं. वर्गात सगळ्यांसमोर धडा वाचून दाखवणं तुम्हाला जमणारं नव्हतं. म्हणून वाचायला पोरगं आणि अर्थ सांगायला तुम्ही. पुढे वाचायला एक पोरगं आणि सांगायला दुसरं.

अर्थ मात्र तुम्ही असा सांगायचा की पहिलीची पोरं आपली पाटी सोडून ऐकत बसायची. ते मी नाकारलं नाही कधी.

तपासणीला साहेब आले होते, तो दिवस तुम्हाला आठवत असेल. त्यांना जोड्यांचा प्रकार फार आवडला, मान डोलावून म्हणाले, हे नवीनच आहे. मग म्हणाले, आता गुरुजी, तुम्ही एक उतारा वाचून दाखवा, आदर्श वाचन कसं असावं ते मुलांना कळेल. तुमच्या कपाळावर घाम आला. तुम्ही हातातल्या पुस्तकाची पानं पुढेमागे उलटत राहिलात. मी उठून उभी राहिले आणि म्हटलं, साहेब, गुरुजींचा घसा धरलाय, कालपासून आवाज फुटत नाही, मी वाचते. वाचलं. साहेब चहा पिऊन गेले. तुम्ही पुढचे दोन-तीन दिवस खरंच घसा धरल्यासारखं हळू बोलत होता, मला खोटं पाडायचं नाही म्हणून. तिसऱ्या दिवशी काकूंनी टोपलीभर हुरडा पाठवला, सोबत लसणाची चटणी. मी समजले.

आता सारजाचं.

सारजा धनगराच्या खंडूची पोरगी. मेंढरांमागे हिंडणाऱ्या घरातली, गावाबाहेरच्या वस्तीवरून येणारी, तोंडाची अशी की शेजारच्या गावात ऐकू जावं. तिला तुम्ही सूचक केलंत आणि मथुराला तिची वाचक. मथुरा वाण्याची, बारीक आवाजात टपटप वाचायची, की लगेच सारजा सुरू. "शेतकरी पहाटे उठतो व आपल्या बैलांना वैरण घालतो," असं मथुराने वाचलं, की सारजा म्हणणार, "म्हंजे कोंबडं आरवायच्या आदी ह्यो उटायलाय, अन् सवताच्या तोंडात पानी घालायच्या आदी बैलाला कडबा टाकायलाय. कामून? तर मानूस भूक लागल्याली सांगतंय, बैल सांगत न्हाई." सगळा वर्ग "बरूबर" म्हणायचा. तुम्ही डोळे मिटून ऐकायचा. तुमच्या मनात होतं की चौथी झाली की हिला मानवतला तिच्या मावशीकडे ठेवायचं, पुढच्या शाळेत घालायचं. धनगराच्या वस्तीवरची पोरगी पुढे शिकलेली या भागात कोणी पाहिली नव्हती.

यंदा पावसाळ्यात मथुरा तापाने पडली. तुम्ही त्या दिवशी तालुक्याला गेला होता. मी सारजाच्या हातात पुस्तक दिलं, म्हटलं, आज तूच वाच. तिने वाचलं. न अडखळता, चांगलं ठसक्यात. मी पाटीवर कुणाची तरी बेरीज तपासत होते, कानावर पडत होतं. मग लक्षात आलं की धडा दोन पानांचा आहे आणि पोरीने पान उलटलेलंच नाही. जवळ गेले. ती चित्राकडे बघत होती. पुस्तकातला शब्द न् शब्द सोडून ती आपल्या मनचा धडा सांगत होती, आणि पुस्तकापेक्षा बरा सांगत होती. मी एका शब्दावर बोट ठेवलं, हे काय आहे? तिने माझ्याकडे बघितलं. परत शब्दाकडे बघितलं. "बाई, हे मथुरीचं काम हाय," ती म्हणाली.

चौथीतली पोरगी. तिला एक अक्षर येत नव्हतं. पहिलीपासून वाचनाचा तास तुमचा, मथुरा वाचतेय आणि ही सांगतेय, दरवर्षी पुस्तक नवं आणि जोडी तीच.

तुम्ही तालुक्याहून आलात, पाय धुतलेत, मी ओट्यावरच गाठलं. माझा आवाज चढला होता, काकू आतून बघत होत्या. मी सगळं सांगितलं. तुम्ही म्हणालात, "मला म्हाईत हाय." मला वाटलं मी नीट ऐकलं नाही. तुम्ही परत म्हणालात, "म्हाईत हाय, बाई. लय दिवसांपासून."

तेव्हा मी बोलले ते बोलले. मी म्हटलं, गुरुजी, तुम्ही पोरीच्या आड लपताय. तिला वाचायला लावलं तर उद्या कुणीतरी तुम्हालाही वाचायला लावेल, म्हणून तिचं झाकून ठेवलंत.

तुम्ही चष्मा काढून धोतराच्या सोग्याने पुसत बसलात.  मग म्हणालात, "लपतो. लपायला जागा असली म्हंजे मानूस पळून जात न्हाई, बाई. ती पोरगी सूचक हाय म्हनून तर शाळंत हाय. पैल्याच वर्षी अक्षरासाठी कान पिळला अस्ता, तर ती कवाच मेंढरामागं गेली अस्ती. अर्थ कळायला लागला की अक्षर कवातरी येतंय."

मी म्हटलं, कधी येतंय? तुम्हाला आलं का?

ते मी परत घेत नाही, गुरुजी. तुम्ही गेलात म्हणून मी ते परत घेईन असं कोणाला वाटत असेल तर वाटू दे. माझं म्हणणं बरोबरच होतं. लपायला जागा मिळाली की माणूस पळत नाही हे खरं, पण पुढेही जात नाही.

चार-आठ दिवसांनी खंडू शाळेत आला. घोंगडी खांद्यावर, काठी दाराशी टेकवून आत. म्हणाला, दिवाळी झाली की मेंढरं घेऊन बाहेर पडायचं, लोकांच्या वावरात खतासाठी बसवायची, कोकरं सांभाळायला सारजा पाहिजे. तुम्ही म्हणालात, अरे, ही माझ्या वर्गातली सगळ्यांत हुशार पोरगी आहे. खंडू हसला. "हुशार हाय ते मला नका सांगू गुर्जी. जनमल्यापासून बोलायलीय ती. वाचती का, तेवडं सांगा."

मी तुमच्याकडे बघितलं. तुम्ही म्हणालात, "वाचती."

खंडूने मान हलवली. तो म्हणाला, "मंग दिवाळीच्या आदी मी बाजारातून कायतरी छापल्यालं आनतो. पुस्तकातलं नगं, ते तिनं ऐकून ऐकून पाठ केलं असंल. मी आनल्यालं, तिनं कदी न पायल्यालं. ते वाचून दावलं, तर शाळा. न्हाईतर कोकरं." आणि काठी घेऊन गेला.

तुमच्या तोंडाचा रंग उतरला होता. मला खरं तर म्हणता आलं असतं, भोगा आता. म्हटलं नाही. तुम्हीच म्हणालात, "बाई, अक्षरं तुमी घ्या. बाकीचं मी बगतो."

मग सकाळी प्रार्थनेच्या आधी मी तिची बाराखडी घ्यायचे. रोज. कडू तोंड करून यायची, पण यायची. आणि शाळा सुटल्यावर देवळाच्या मागच्या कडुलिंबाखाली तुम्ही तिला घेऊन बसायचा, मधे पुस्तक. मी वर्ग झाडत ऐकायचे. "तू एक वळ, मी एक वळ," अशी तुमची ओळीओळीची वाटणी ठरली होती. आणि तुम्ही वाचायचा, गुरुजी. ज्या माणसाने कुणासमोर कधी मराठी पुस्तक मोठ्याने वाचलं नाही, तो त्या पोरीसमोर बोट ठेवून, शब्दाशब्दाला थांबत, चुकत वाचायचा. पहिल्या दिवशी ती फसकन हसली. "गुर्जी, तुमाला बी येत न्हाई?" तुम्ही म्हणालात, "येतं की. पन चढ लागतो." ती म्हणाली, "मंग दम खात खात वाचा." त्यानंतर ती हसली नाही. तुम्ही अडलात की ती पुढचं अक्षर सांगायची, ती अडली की तुम्ही. कधीकधी दोघंही अडायचा आणि मग लांबून मला हाक यायची.

तुम्हाला किती जड गेलं असेल ते मी केर काढत बघत होते, आणि बघत असल्याचं दाखवत नव्हते. एवढं एक मी तुमच्यासाठी केलं. तेव्हा सांगायला पाहिजे होतं की गुरुजी, मी आजवर पाहिलेल्या वाचनात हे सगळ्यांत चांगलं. पण आपली बोलण्याची रीतच भांडणाची होती. मी म्हणायचे, एवढ्या हळू चाललात तर दिवाळी पुढच्या वर्षीची. तुम्ही म्हणायचा, तुमची बाराखडी ऐकून पोरीला वांत्या व्हायच्या बाकी राहिल्यात. आणि वर्गातल्या जोड्या तुम्ही तरीही मोडू दिल्या नाहीत. मथुरा वाचतेय, सारजा सांगतेय, पुस्तक संपायचंय. मी हट्ट धरला. तुम्ही म्हणालात, पुस्तक संपू द्या.

मग तुम्हीच तापाने पडलात. गावात काढा झाला, अंगारा झाला. शेवटी परभणीच्या दवाखान्यात न्यायचं ठरलं, तेव्हा पेडगावच्या टेसनापर्यंत बैलगाडीत मी आणि काकू होतो. वाटेत तुम्ही ग्लानीत. टेसनावर फलाटाच्या कडेला घोंगडीवर निजवलं, तिथे डोळे उघडलेत. मला वाटलं पाणी मागताय. तुम्ही म्हणालात, "बाई, तुमचं म्हननं बरूबर न्हाई. का न्हाई, ते आल्यावर सांगतो."

मी म्हटलं, या बरे होऊन, मग बघू.

गाडी आली. लोकांनी उचलून आत ठेवलं. मी गाडीवानाबरोबर परत आले कारण दुसऱ्या दिवशी शाळा होती. तुम्ही आलात ते बोलायच्या पलीकडे गेलेले. का बरोबर नाही, ते राहिलं. मी कितीदा तुमच्या बाजूने विचार करून बघितला, तुमचं उत्तर काय असेल म्हणून. एकही असं सुचलं नाही की ज्याला माझ्याकडे प्रत्युत्तर नाही. पण तुम्ही दरवेळी न सुचलेलंच काढायचा.

तुम्ही गेल्यावर शाळा उघडली त्या दिवशी मी पहिलं काम केलं ते हे, की सगळ्या जोड्या मोडल्या. पुस्तक संपलं नव्हतं. मथुरा रडली. एक-दोन पोरं म्हणाली, बाई, पोथी अर्धी टाकत नसतात. मी म्हटलं, ही पोथी नाही, आपापली पुस्तकं उघडा, ज्याचं त्याने वाचायचं. मला त्या वेळी काहीही वाटलं नाही. काकूंना कळलं तर काय वाटेल, हेही मनात आलं नाही.

आणि सारजा गप्प झाली.

वाचायची. बोट ठेवून, तुमच्यासारखी, थांबत थांबत. अक्षर चुकत नव्हतं फारसं. पण मी म्हणायचे, आता याचा अर्थ सांग, की मान खाली. ज्या पोरीला गप्प बस म्हणून म्हणून माझा घसा बसला, तिच्या तोंडून शब्द निघेना. मी म्हटलं, सारजे, तुला वाक्य कळलं ना? मान हलवायची. मग सांग ना बाई. नाही. तेव्हा पहिल्यांदा मला भीती वाटली. दुःख नाही, भीतीच. वाटलं, ह्या माणसाने एक बोलतं लेकरू माझ्या हवाली केलं आणि मी त्याचं मुकं लेकरू केलं. टेसनावर तुम्हाला हेच सांगायचं होतं की काय.

काल खंडू आला. तेराव्याला तो येऊन गेला होता, पण तेव्हा शाळेचं काही बोलला नाही. काल दुपारी आला, काठी दाराशी टेकवली, तुमच्या नावाने हात जोडले आणि खिशातून कागद काढला. मानवतच्या बाजारात गूळ बांधून आलेला कागद होता, वर्तमानपत्राचा, चिकट, एका बाजूने फाटलेला. त्याला काय लिहिलंय ते माहीत नव्हतं, मलाही नव्हतं. तो मला म्हणाला, "बाई, तुमी आदी बगू नगा. तिला देतो. तुमी मागून बगा, खरं का खोटं ते."

सारजा उठली. कागद घेतला. बाहेर बकरी पाला ओरबाडत होती. मी तिच्या मागे जाऊन उभी राहिले.  तिने बोट ठेवलं.

"बै... बैल... ह... हरवला... आहे." दम घेतला. "रंग... तांबडा. डावे... शिंग... मोडके." पुढे गुळाचा डाग होता. तिने कागद उजेडाकडे धरला. "कपाळावर... पांढरा... ठि... ठिपका. नाव... सर्जा. कोणास..." आणि थांबली.

मी म्हटलं, खरं आहे खंडू, शब्द न् शब्द.

खंडू माझ्याकडे बघतच नव्हता. तो तिच्याकडे बघत होता. "म्हंजे काय, सारजे?"

 तिने मान खाली घातली. आता ही काही बोलत नाही, असं मला वाटलं. आणि मग ती बोलली, हळू, पण बोलली. "म्हंजे आबा, एका मानसाचा बैल गेलाय. घरचा हाय, नाव ठिवल्यालं हाय. शिंग मोडल्यालं, म्हंजे मारकुटा असंल, न्हाईतर म्हातारा. बाजारात कुनी घेनार न्हाई असला. तरीबी त्यो हुडकायलाय."

खंडू जरा पुढे झुकला. "मंग? घावला का बैल?"

जुन्या सारजाला हे विचारलं असतं तर काय झालं असतं, तुम्हाला ठाऊक आहे. तिने कागद उलटा केला. मागे बघितलं, परत पुढे बघितलं, फाटलेल्या कडेवरून बोट फिरवलं.

"फुडं फाटलंय, आबा," ती म्हणाली. "लिवल्यालं न्हाई."

खंडू सरळ झाला. मग मला म्हणाला, "वाचाया लागली बगा, बाई. न्हाईतर हिनं बैल हुडकून आनून दावनीला बांदला अस्ता." पोरं हसली. तो कागद त्याने घडी करून परत खिशात ठेवला. जाताना दारात वळून म्हणाला, "कोकरं मी बगतो. मानवतचं काय असंल ते तिच्या मावशीला मी सांगून ठिवतो." आणि काठी घेऊन गेला.

गुरुजी, मी जिंकले. तुमचं माझं काहीही म्हणणं असो, पोरगी वाचते, आणि वाचलेलं वाचते, मनचं नाही. आणि तुम्हीही जिंकलात, कारण त्या मोडक्या शिंगाचा अर्थ कागदावर कुठे होता? तो तिला माझ्या बाराखडीने दिलेला नाही. मी वर्गात उभी राहून दोन्ही गोष्टी मनातल्या मनात मांडत होते, हिशेब करावा तशा, आणि मला आनंदही होत नव्हता की वाईटही वाटत नव्हतं. खडू उचलला. म्हटलं, चला, पुढचा धडा काढा.

सारजा अजून उभीच होती. तिने विचारलं, "बाई, गुर्जी असते तर त्यांनी सांगितलं असतं ना, बैल घावला म्हनून?"

मी हो म्हणायला तोंड उघडलं. सांगितलं असतं, नक्की सांगितलं असतं. पुढे फाटलेलं असो की काही असो, संध्याकाळी बैल दारात येऊन उभा राहिला असता आणि अख्ख्या वर्गाने बरोबर म्हटलं असतं. आणि मी तुमच्यावर चिडले असते की कागदावर नाही ते का सांगता म्हणून. मला हो म्हणता आलं नाही.  मी टेबलाला धरून खाली बसले आणि रडायला लागले, पोरांच्या समोर, पदर तोंडात धरूनही थांबेना. त्याआधी कुणा पोराने मला रडताना पाहिलेलं नव्हतं. पहिलीची पोरं घाबरून एकमेकांना चिकटली. मथुरा काकूंना बोलवायला उठली.

सारजाने तिला खाली बसवलं. ती फळ्यासमोर येऊन उभी राहिली आणि वर्गाला म्हणाली, "बाईला रडू द्या. तुमी वाचा."

आणि सगळे वाचायला लागले, गुरुजी. ज्याचं त्याने, मोठ्याने, कुणी पहिल्या धड्यातलं, कुणी शेवटच्या, अडखळत, ओरडत, कुणाचा कुणाला मेळ नाही. असला गोंधळ तुम्ही घटकाभरही चालू दिला नसता. मी शाळा सुटेपर्यंत चालू दिला.